माजी सैनिकांसाठी मेंदूचे चुंबकीय उत्तेजन: कोणाला, कशासाठी आणि कितपत

प्रश्न: माझे वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सेवेची बरीच वर्षे काश्मीरमध्ये गेली. गेल्या काही वर्षांपासून ते घरात कोणाशी फारसे बोलत नाहीत, रात्री दचकून उठतात, लहानसहान गोष्टींवरून भडकतात आणि शेताकडेही फिरकत नाहीत. डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या गोळ्या देऊन पाहिल्या, पण म्हणावा तसा उतार पडला नाही. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू आहे, एका कानाने कमी ऐकू येते आणि मांडीत जुना छर्रा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांना चुंबकाच्या यंत्राने बरे करतात असे वाचनात आले. शहरातल्या एका केंद्राने तीस सत्रांचे पॅकेज सांगितले आहे. हा शॉकचाच प्रकार आहे का, आणि तो वडिलांना द्यावा का?

उत्तर: आधी शॉकविषयी. विजेच्या शॉकच्या उपचारात, म्हणजे ईसीटीमध्ये, रुग्णाला भूल देतात आणि मेंदूत मुद्दाम एक नियंत्रित आकडी निर्माण करतात. तीव्र नैराश्यात तो उपचार आजही अतिशय परिणामकारक आहे आणि त्याच्याविषयीची भीती बरीचशी सिनेमांनी पसरवलेली आहे, पण तो विषय वेगळा. चुंबकीय उत्तेजनात भूल देत नाहीत, आकडी येऊ नये याचीच काळजी घेतात आणि रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. सत्र संपले की तो उठून चहा पिऊन आपल्या वाटेने घरी जातो. या पद्धतीला वैद्यकीय बोलीत आरटीएमएस म्हणतात. केंद्राच्या पत्रकावर तेच नाव असेल.

यंत्राचे तत्त्व तुम्ही दहावीच्या विज्ञानात शिकलेलेच आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेली कॉइल डोक्याला टेकवून तिच्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती दीड-दोन टेस्लाचे, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि लगेच विरते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात प्रवाह निर्माण करते, आणि इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा पृष्ठभाग. बाहेरून लावलेल्या विजेला कवटी बरीच अडवते, चुंबकीय क्षेत्राला मात्र ती अडवत नाही. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने निरोगी माणसाच्या मेंदूला बाहेरून स्पंद देऊन त्याचा हात हलवून दाखवला, तेव्हापासून या तंत्राची सुरुवात मानतात. नेहमीच्या कॉइलचा थेट परिणाम पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच पोहोचतो. चुंबकीय गाद्या, पट्टे आणि बांगड्या विकणाऱ्यांशी याचा काडीचा संबंध नाही, कारण त्यांतला चुंबक स्थिर असतो आणि स्थिर चुंबकाने मेंदूत कोणताही प्रवाह निर्माण होत नाही.

पहिल्या दिवशी उपचारापेक्षा मोजमापच जास्त असते, आणि केंद्राची खरी परीक्षा तिथेच होते. कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर धरून एकेक स्पंद सोडतात आणि सगळ्यांची नजर रुग्णाच्या उजव्या अंगठ्यावर असते. कॉइल नेमक्या जागी आली आणि शक्ती पुरेशी झाली की मांडीवर सैल ठेवलेला अंगठा आपोआप उडतो. माझ्याकडे आलेले बहुतेक माजी सैनिक या क्षणी हसतात. आपण हुकूम दिला नसताना आपलाच अंगठा हलला याची त्यांना गंमत वाटते आणि थोडे खटकतेही. दहापैकी निदान पाच स्पंदांना अंगठा हलेल अशी सर्वांत कमी शक्ती शोधून काढतात आणि उपचाराची मात्रा साधारणपणे तिच्या १२० टक्के ठेवतात. म्हणजे मात्रा प्रत्येक माणसाची वेगळी असते, आणि औषधे बदलली, झोप बिघडली किंवा दारू एकदम बंद केली तर त्याच माणसाची मात्राही बदलू शकते. हे मोजमाप न करता सगळ्यांना एकाच आकड्यावर यंत्र लावणारे केंद्र दिसले, तर तिथून पॅकेजची चर्चा न करता परत फिरावे.

त्यानंतर कॉइल पुढे सरकवून कपाळाच्या डाव्या वरच्या भागामागे आणतात. पूर्वी सरसकट पाच ते साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकवत. त्यात मोठ्या डोक्याच्या माणसाची जागा हमखास चुकत असे, म्हणून आता डोक्याची अंतरे टेपने मोजून किंवा एमआरआयच्या आधाराने जागा ठरवतात. मेंदूच्या अग्रखंडाचा हा भाग नैराश्यात मंदावलेला असतो आणि भावनांशी संबंधित खोलवरच्या भागांशी त्याचे धागे जोडलेले असतात, त्यामुळे पृष्ठभागावर दिलेल्या स्पंदांचा परिणाम त्या जाळ्यामार्फत आत पोहोचतो. जुन्या पद्धतीत चार सेकंद स्पंद आणि २६ सेकंद विश्रांती अशा क्रमाने ३००० स्पंद देतात आणि सत्राला साडेसदतीस मिनिटे लागतात. थीटा बर्स्ट नावाच्या नव्या पद्धतीत ६०० स्पंद तीन मिनिटांत होतात. कॅनडात ४१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही छोटी पद्धत मोठीच्या तोडीस तोड ठरली, तेव्हा तीन मिनिटांत उठवले म्हणून फसवले असे समजू नका. दोन्हींत आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावे लागते.

अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने ऑक्टोबर २००८ मध्ये हे यंत्र नैराश्यासाठी वापरण्यास परवानगी दिली आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी. आघातोत्तर तणाव विकारासाठी, ज्याला आपण सगळे पीटीएसडी म्हणतो, अशी परवानगी हे लिहीपर्यंत मिळालेली नाही. तुमच्या वाचनात आलेल्या मजकुरात बहुधा हा फरक गाळलेला असेल, आणि वडिलांच्या बाबतीतला निर्णय नेमका त्याच्यावर अवलंबून आहे.

माजी सैनिकांच्या नैराश्याविषयीची सर्वांत महत्त्वाची चाचणी अमेरिकेच्या व्हेटरन्स अफेअर्स खात्याने, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांची रुग्णालये चालवणाऱ्या सरकारी खात्यानेच केली. पालो आल्टो येथील जेरोम येसावाज यांच्या नेतृत्वाखाली खात्याच्या नऊ रुग्णालयांत, औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेले १६४ माजी सैनिक निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले: एका गटाला खरे उत्तेजन, दुसऱ्याला खोटे. खोट्या कॉइलचा आवाज तसाच, डोक्याच्या कातडीला टोचणेही तसेच, फक्त मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही, त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळत नाही. निकाल २०१८ मध्ये जामा सायकियाट्री या नियतकालिकात आला. खऱ्या उत्तेजनाच्या गटातील ४०.७ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले आणि खोट्या उत्तेजनाच्या गटातील ३७.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता.

‘मग यंत्र निरुपयोगीच की’, असे म्हणून बरेच जण इथे थांबतात. पण शेजारी दुसरी एक चाचणी ठेवून पाहिली की चित्र बदलते. मार्क जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतच १९० सर्वसाधारण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या उत्तेजनाने १४.१ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि खोट्याने फक्त ५.१ टक्के. त्या चाचणीत रुग्णांची नैराश्याची औषधे बंद ठेवली होती आणि गुंतागुंतीचे रुग्ण वगळले होते. व्हेटरन्स अफेअर्स खात्याने मात्र माजी सैनिक जसे असतात तसे घेतले. निम्म्याच्या आसपास लोकांना पीटीएसडीही होता, काहींना व्यसनाचा इतिहास होता, आणि गोळ्या व समुपदेशन चालू ठेवण्याची मुभा होती. म्हणजे माजी सैनिकांच्या चाचणीत खरे उत्तेजन कमी पडले असे दिसत नाही, उलट आकडा चांगलाच आहे. आश्चर्य आहे ते खोट्या उत्तेजनाने सदतीस टक्के माणसे सावरली याचे.

ती का सावरली असावीत? माणूस चाचणीत येतो तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट काळात, तेव्हा काही जण कशाहीविना थोडे वर आले असतेच. पण माझ्या मते त्याहून मोठा वाटा दिनक्रमाचा आहे. फौजेत पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाचा दिवस पहाटेच्या पीटीपासून रोल कॉलपर्यंत आखलेला असतो, आणि निवृत्तीनंतर तो दिवस अचानक रिकामा होतो. उपचार सुरू झाले की आठवड्याचे पाच दिवस ठरलेल्या वेळी दाढी करून, कपडे करून निघावे लागते. तिथे तोच तंत्रज्ञ रोज भेटतो, रात्री झोप लागली का, जेवण गेले का, हे विचारतो आणि उत्तर लिहून घेतो. वर्षानुवर्षे ज्याला कोणी काही विचारले नाही आणि ज्याने स्वतःहून सांगितले नाही, अशा माणसासाठी महिनाभर चाललेली ही विचारपूस हाच एक उपचार असतो. माझ्या खोलीत नैराश्य मोजण्याच्या प्रश्नावलीवर पहिला फरक दिसण्याआधी अनेकदा घरचे सांगतात की बाबा आता सकाळी स्वतःहून उठून तयार होतात. त्यातला यंत्राचा वाटा किती आणि सकाळी निघण्याचा किती, हे त्या टप्प्यावर मीही वेगळे करू शकत नाही, आणि करायची घाईही करत नाही.

जाहिरातींत मात्र वेगळे आकडे दिसतात, आणि तेही खरेच आहेत. व्हेटरन्स अफेअर्स खात्यानेच आपल्या रुग्णालयांतील चुंबकीय उपचाराच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या ७७० माजी सैनिकांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्यांनी पुरेशी सत्रे पूर्ण केली त्यांपैकी ४१.४ टक्क्यांना नैराश्यात लक्षणीय गुण आला आणि २० टक्के पूर्णपणे सावरले. नैराश्याबरोबर पीटीएसडीही असलेल्यांपैकी ६५.३ टक्क्यांची पीटीएसडीची लक्षणे ठळकपणे कमी झाली आणि ४६.१ टक्के लोक त्या आजाराच्या निकषांखाली आले. आकडे उत्साहवर्धक आहेत. पण यात खोट्या उत्तेजनाचा गट नाही, आणि अर्ध्यावर सोडून गेलेले हिशेबात नाहीत. हे आकडे सांगून आधीचे लपवणारा, आणि आधीचे सांगून हे लपवणारा, दोघेही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगत असतात.

केवळ पीटीएसडीसाठीच्या चाचण्यांपैकी दोन सांगण्याजोग्या आहेत. नोआ फिलिप यांच्या गटाने पन्नास माजी सैनिकांना मेंदूच्या उजव्या बाजूला थीटा बर्स्ट पद्धतीने दोन आठवडे उत्तेजन दिले आणि निष्कर्ष २०१९ मध्ये मांडले. दोन आठवड्यांच्या शेवटी माणसांत मिसळणे आणि कामात लक्ष घालणे सुधारले, नैराश्यही कमी झाले, पण पीटीएसडीच्या लक्षणांत खऱ्या-खोट्या गटांत फरक नव्हता. तो महिन्याच्या शेवटी दिसला, आणि तोवर खोट्या गटालाही खरे उत्तेजन देऊन झालेले असल्याने त्याचे वजन थोडे कमी होते. दुसरी चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते. अँड्र्यू कोझेल यांच्या गटाने १०३ माजी सैनिकांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात सगळ्यांनाच आघाताविषयीच्या विचारांवर काम करणारी मानसोपचार पद्धती दिली, आणि प्रत्येक बैठकीच्या अगदी आधी एका गटाला उजव्या बाजूला मंद गतीचे खरे उत्तेजन दिले, दुसऱ्याला खोटे. खरे उत्तेजन मिळालेल्यांना बैठकींचा फायदा अधिक झाला आणि तो सहा महिन्यांपर्यंत टिकला. पीटीएसडीत हे यंत्र बोलण्याच्या उपचाराला मदतनीस म्हणून उभे राहते, त्याची जागा घेत नाही, हे माझे मत मुख्यतः या अभ्यासावर आणि स्वतःच्या अनुभवावर बेतलेले आहे.

अमेरिकेच्या संरक्षण आणि व्हेटरन्स अफेअर्स खात्यांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत. नैराश्यावरच्या २०२२ च्या सूचनांत, दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही पुरेसा गुण न आलेल्यांना चुंबकीय उत्तेजन सुचवावे असे म्हटले आहे. पीटीएसडीवरच्या २०२३ च्या सूचनांत मात्र या उपचाराच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे नमूद केले आहे. तिथे पहिला मान आघातावर थेट काम करणाऱ्या वैयक्तिक मानसोपचारांना आहे, औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांची शिफारस आहे, आणि अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या वर्गातल्या गोळ्या पीटीएसडीसाठी देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. झोपेसाठी म्हणून सुरू झालेली छोटी गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि शिवाय ती चुंबकीय उत्तेजनाचा गुणही कमी करते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वडिलांच्या औषधांत ती असेल, तर यंत्राच्या पैशांआधी तिच्याविषयी डॉक्टरांशी बोला. मात्र ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

अलीकडे दोन गोष्टींची फार जाहिरात होते. एक म्हणजे पाच दिवसांत उरकणारा वेगवान उपचार. स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत दिवसाला दहा सत्रे असे पाच दिवस उपचार देतात, एमआरआयवरून प्रत्येकाची जागा वेगळी शोधतात, आणि २०२२ मध्ये एफडीएने तिला औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी परवानगी दिली. तिच्या प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २९ रुग्ण होते, गुण मोठा होता, पण संख्या लक्षात ठेवा. शिवाय जागा शोधण्याची ती विशिष्ट पद्धत न वापरता नुसती दिवसाला दहा सत्रे देणे म्हणजे तो उपचार नव्हे. दुसरी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढून त्यानुसार उत्तेजन देण्याची. फ्लोरिडा आणि ओहायो राज्यांनी माजी सैनिकांसाठी त्यावर सरकारी पैसाही खर्च केला आहे. आलेखाचे रंगीत चित्र पाहून घरचे भारावून जातात, पण नेहमीच्या पद्धतीपेक्षा ती सरस असल्याचा भक्कम पुरावा माझ्या समोर आलेला नाही, म्हणून त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत असे मी सांगतो.

आता वडिलांकडे येऊ. तुमच्या वर्णनात दोन आजारांच्या खुणा मिसळलेल्या आहेत. रात्री दचकून उठणे आणि पटकन भडकणे पीटीएसडीकडे बोट दाखवते. बोलणे कमी होणे आणि शेतातला रस जाणे नैराश्याकडे. दोन्ही एकत्र असणे माजी सैनिकांत अगदी नेहमीचे आहे, पण कोणते किती आहे हे कोणीतरी तासभर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. फौजी माणूस ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, झोप नाही, डोके तापते, गर्दीत नको वाटते. लग्नात तो भिंतीला पाठ लावून बसतो, एसटीत दाराजवळची जागा धरतो, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत जातो, आणि घरच्यांना वाटते की रिटायर झाल्यापासून स्वभावच विक्षिप्त झाला. या गोष्टी तुम्हीच डॉक्टरांना सांगा, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. दचकून उठण्यापूर्वी ते मोठ्याने घोरत असतील आणि श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणीही करून घ्या. त्यामुळेही झोप तुटते आणि माणूस चिडका होतो. कॅन्टीनच्या कोट्यातली रम रोज किती जाते हेही लपवू नका. मानसोपचार घेतल्याने निवृत्तिवेतन थांबत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण न विचारलेली ही भीती अनेकांच्या मनात असते.

‘दोन गोळ्या घेऊन झाल्या’ हे मला अजून पुरेसे वाटत नाही. नावे कोणती, मात्रा किती, आणि प्रत्येक गोळी किती आठवडे नियमित घेतली, हे पाहावे लागेल. कमी मात्रेत तीन आठवडे घेऊन सोडलेली गोळी फसली असे म्हणता येत नाही. दोन्ही गोळ्या योग्य मात्रेत सहा-आठ आठवडे घेऊन झाल्या असतील आणि तपासणीत नैराश्य ठळक निघाले, तर चुंबकीय उत्तेजन हा रास्त पर्याय आहे आणि मी त्याला पाठिंबा देईन. तपासणीत पीटीएसडीच प्रमुख निघाला आणि आघातावर काम करणारा मानसोपचार त्यांना आजवर मिळालाच नसेल, तर आधी तो शोधा. मराठीत तो नीट देणारी माणसे कमी आहेत हे खरे, पण आहेत, आणि त्या बैठकींचा खर्च तीस सत्रांच्या पॅकेजपेक्षा सहसा कमीच असतो.

तुम्ही ट्रॅमाडॉलचा उल्लेख केलात ते फार बरे झाले, कारण बहुतेक लोक कंबरेची गोळी मनाच्या डॉक्टरांना सांगतच नाहीत. चुंबकीय उत्तेजनाचा सर्वांत गंभीर धोका आकडीचा आहे. तो एरवी दुर्मीळ असतो, हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी, पण ट्रॅमाडॉल आकडीचा उंबरठा खाली आणते आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ते अधिकच अडचणीचे ठरते. तेही एकदम थांबवायचे नाही, कारण त्याची सवय लागलेली असू शकते. अस्थिरोग आणि मानसोपचार या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवून ते हळूहळू बदलून घ्यावे. दारूचेही तसेच: रोज पिणाऱ्याने उपचार सुरू होतात म्हणून आदल्या दिवशी एकाएकी सोडणे हेच धोक्याचे असते.

मांडीतला छर्रा उत्तेजनाला आड येत नाही, कारण कॉइलचे क्षेत्र काही सेंटीमीटरच्या पुढे क्षीण होते. अडचण डोके, चेहरा किंवा मान यांत धातू असेल तर असते, किंवा कानात बसवलेले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप किंवा पेसमेकर असेल तर. मात्र जागा ठरवण्यासाठी एमआरआय काढायचा ठरला, तर तोच मांडीतला छर्रा महत्त्वाचा होतो. एमआरआयचे क्षेत्र अख्ख्या शरीराभोवती असते आणि छर्रा लोखंडी असेल तर तो हलू किंवा तापू शकतो. एमआरआयच्या आधी त्याचा एक्स-रे काढून तिथल्या डॉक्टरांना दाखवा. कॉइलचा आवाज टकटक असा, पण बराच मोठा असतो, म्हणून दोन्ही कानांत बोळे किंवा इअरप्लग प्रत्येक सत्रात हवेतच. आधीच एक कान गेलेल्या माणसाचा दुसरा जपायचा असतो. जवळ स्फोट होऊन कधी शुद्ध हरपली होती का, डोक्याला मार लागला होता का, कधी फिट आली होती का, हे त्यांना शांतपणे विचारा. डोक्याला लागलेला किरकोळ मार उपचाराला आड येत नाही, पण डॉक्टरांना तो ठाऊक हवा. बाकी त्रास म्हणजे पहिल्या आठवड्यात कॉइलखाली दुखणे, डोके धरणे, कपाळाचे किंवा जबड्याचे स्नायू फडफडणे. बहुतेकांचे साध्या पॅरासिटामॉलवर भागते.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार त्यांच्या मनात असतील, तर या उपचाराच्या रांगेत थांबू नका. अमेरिकेत वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात आणि चार्ल्स्टन येथे ४१ रुग्णांना रुग्णालयात ठेवून तीन दिवसांत नऊ सत्रे देऊन पाहिली. उपचार सुरक्षित ठरला, पण खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही गटांतील विचार वेगाने कमी झाले, म्हणजे तातडीच्या प्रसंगी रुग्णालयात माणसांच्या देखरेखीत असणे हेच पहिले. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते, आणि घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आजच घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवा.

पैशांविषयी थोडक्यात. तीस सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका. दहा-दहा सत्रांचे भरा. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधून आधी रेफरल घ्या आणि या उपचाराचा खर्च मिळेल का हे लेखी विचारा. खासगी विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे लागते, याचा उल्लेख अर्जात करा. गावाहून रोज येणाऱ्यांना यंत्रापेक्षा प्रवासच जड जातो, तेव्हा महिनाभर शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय होत असेल तरच सुरू करा. मध्येच आठवडाभर खंड पडला की गुण रेंगाळतो.

सुरू करण्याआधी नैराश्य आणि पीटीएसडी या दोन्हींच्या प्रश्नावल्या मराठीत भरून घ्यायला सांगा आणि दर आठवड्याला पुन्हा भरायला लावा. वीस सत्रांनंतरही आकडा जागचा हललेला नसेल, तर डॉक्टरांनी कॉइलची जागा, मात्रा किंवा निदान यांपैकी काहीतरी पुन्हा तपासले पाहिजे. नुसती आणखी दहा सत्रे विकू नयेत. गुण आला तर गोळी आणि मानसोपचार चालूच ठेवायचे असतात. अमेरिकेतील एका पाठपुराव्यात, गुण आलेल्यांपैकी ६२.५ टक्के लोकांचा गुण वर्षभरानंतरही टिकून होता, आणि त्यांत मधल्या काळात पुन्हा थोडी सत्रे घेतलेलेही होते. म्हणून वर्षभर महिन्यातून एकदा दाखवायला न्या, आणि पुन्हा झोप तुटू लागली किंवा ते शेताकडे जायचे टाळू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात या. एकदा गुण आलेल्या माणसाला लवकर सुरू केलेल्या फेरउपचाराने पुन्हा गुण येण्याची शक्यता चांगली असते.